दोन नंबरच्या कढईवरचा व्हॉल्व्ह

ऐकू येतंय ना? मी इथून बोलतोय, स्टोअरच्या मागच्या भिंतीला टेकवलेल्या रॅकवरून. खालून तिसऱ्या कप्प्यात, जुन्या नटबोल्टांच्या डब्याशेजारी जो जाडजूड गडी दांडा आडवा टाकून बसलाय, तोच मी. बॉल व्हॉल्व्ह, चार इंची. अंगावर बोटभर धूळ साचली आहे. आतून मात्र मी अजून नवा कोरा आहे. तुमचा विश्वास बसणार नाही, पण आहे.

माझा जन्म फाउंड्रीतला. वितळलेलं पोलाद वाळूच्या साच्यात ओतलं, आणि मी निवेपर्यंत माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग लेथवर चढवून मला कातलं. माझ्या पोटात एक गोळा बसवला, आरशासारखा गुळगुळीत, मधोमध आरपार भोक असलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना टेफ्लॉनच्या पांढऱ्या कड्या बसवल्या. त्यांना सीट म्हणतात. दांडा पाइपाच्या रेषेत असला की गोळ्याचं भोक पाइपासमोर येतं आणि मी उघडा. दांडा पाव फेरा फिरवून आडवा केला की गोळ्याची भरीव बाजू समोर येते आणि मी बंद. काम एवढंच. उघडा, नाहीतर बंद. अर्धवट काही मला सोसत नाही.

तिथून मी आलो तो थेट साबणाच्या कारखान्यात. तिथे घराएवढ्या उंच लोखंडी कढया होत्या, त्यांत तेल आणि कॉस्टिक शिजून साबण व्हायचा. कॉस्टिक म्हणजे असला जहाल द्रव, की कातडीवर पडला तर कातडी सोलून काढील आणि डोळ्यात गेला तर डोळाच जाईल. दोन नंबरच्या कढईवर, लोखंडी जिना चढून गेलं की जाळीच्या फळीवर, कॉस्टिकच्या पाइपात मला बसवलं. माझ्या अलीकडे पंप, पलीकडे कढईत उतरणारं तोंड. कॉस्टिक आत सोडायचं की नाही, हे माझ्या पोटातल्या गोळ्यावर.

म्हणजे खरं तर तिच्यावर. दोन नंबरच्या कढईची ऑपरेटर एक बाई होती. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, आवाज मात्र जिन्याखालीही ऐकू जाईल असा. सगळा कारखाना तिला ताई म्हणायचा, तिच्याहून मोठे लोकसुद्धा. आईवडील लवकर गेले. धाकट्या बहिणीला तिने वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं, आणि या सगळ्यात स्वतःचं राहूनच गेलं. मला उघडताना ती दांड्याला दोन्ही हात लावायची आणि हळूच म्हणायची, "चल रे बाबा." तेव्हा कॉस्टिक माझ्यातून असं धावायचं की अंगभर गरम थरथर व्हायची. ती थरथर मला अजून आठवते. इथे कप्प्यात सगळं कसं गार आहे.

आमच्यासारख्यांची दुखणी तीनच. एक, दांडा जड फिरतो. दोन, दांड्याच्या मुळाशी गळती अडवणारं पॅकिंग सैल होऊन थेंब गळतो. या दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात, हाताला कळतात. तिसरं दुखणं आतलं. दांडा पुरता आडवा, बाहेरून सगळं कोरडं, आणि तरी सीट कापल्यामुळे आतल्या आत द्रव पुढे सरकत राहतो. त्याला कारखान्यात 'पासिंग' म्हणतात. ते दिसत नाही. ते ऐकावं लागतं.

ऐकणारा एकच होता. पन्नाशीचा फिटर, उंच, पाठीत जरासा वाकलेला. तो स्क्रू ड्रायव्हरचं टोक माझ्या पोटाला लावायचा, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडावर टेकवायचा आणि डोळे मिटायचा. आत केसाएवढी जरी फट असली तरी 'सूं' असा बारीक आवाज त्याला कळायचा. लोकांनी त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं. ताई त्याला मिस्त्री म्हणायची, तो तिला ऑपरेटरबाई. दोघांचं अहोजाहो होतं. त्याची बायको फार पूर्वी गेली होती आणि घरी वाट बघणारं कुणी नव्हतं.

पहिल्या वर्षी माझं पॅकिंग खरंच गळालं. तिने तक्रारवहीत लिहिलं, तो आला, दोन नट अर्धा अर्धा फेरा आवळले. एकदम नाही, आलटून पालटून, म्हणजे पॅकिंग एका बाजूला दबत नाही. मग हात पुसता पुसता तो म्हणाला, "ऑपरेटरबाई, तुमचा हात हलका आहे. बाकीच्या पाळ्यांतले लोक दांड्याला पाइप अडकवून लोंबकळतात."

त्यावर ती हसली. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तक्रार लिहिली, "व्हॉल्व्ह जड फिरतो."

मी जड फिरत नव्हतो! लोण्यासारखा फिरत होतो. पण तो आला, दांडा दोनदा फिरवून पाहिला, तोंडातून 'हं' काढलं, उगीच मुळाशी ग्रीस लावलं आणि तिने थर्मासमधून ओतलेला चहा प्याला. मग हे असंच सुरू झालं. "थेंब दिसला." "आवाज येतो." "जरा बघून जा." कारखान्यातला सगळ्यात धडधाकट व्हॉल्व्ह मी, आणि तक्रारवहीत मात्र माझ्याइतका आजारी दुसरा कुणी नव्हता. लोक थट्टा करायचे. सुपरवायझर म्हणायचा, "ताईंच्या व्हॉल्व्हला आज पुन्हा सर्दी झाली वाटतं!" ती लाल व्हायची, पण लिहायची थांबायची नाही.

ते बोलायचे तरी काय? काहीच नाही. धाकटीचं पत्र आलं, गुडघा दुखतो, उकाडा फार आहे, भाजीत मीठ जास्त पडलं. बारा वर्षं मी हेच ऐकलं. खरं बोलणं दोघांच्या ओठांवर यायचं, तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारायचं किंवा चहा संपायचा. मला फिरता येतं, बोलता येत नाही. नाहीतर मीच काय ते सांगून टाकलं असतं.

मग त्याचे कान गेले. एका दिवसात नाही, हळूहळू. पहिल्यांदा ते तिला कळलं. एकदा तिने विचारलं, "तुमच्या पुतण्याचा निकाल लागला का?" तो म्हणाला, "हो, मघाशीच घातलं ग्रीस." तिने नुसती मान हलवली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी समोर येऊन, ओठ स्पष्ट हलवून बोलायला लागली. कुणाला काही बोलली नाही. कान हीच त्याची कारखान्यातली ओळख होती. ती ओळखच गेली तर त्याला कोण विचारणार?

त्याच सुमारास माझ्या अलीकडचा पाइप बदलला. वेल्डिंग झालं, पण आतला कचरा पाण्याने धुऊन काढायचं राहिलं. वेल्डिंगचा एक टणक खडा, ज्वारीच्या दाण्याएवढा, वाहत आला आणि माझा गोळा आणि सीट यांच्यामध्ये अडकला. त्यात दुसऱ्या पाळीतल्या ऑपरेटरला कॉस्टिक सावकाश सोडायचं म्हणून मला अर्धवट उघडा ठेवायची खोड. तो जोराचा प्रवाह सीटच्या एकाच कडेवर घासत राहिला. महिन्याभरात माझी सीट कापली गेली. दांडा आडवा केला तरी मी पुरता बंद होईना.

मग दोन नंबरची कढई आतून साफ करायचा दिवस आला. तळाशी उतरून खरवडायचं काम ज्याचं, त्याला सगळे पहिलवान म्हणत, कारण तो काडीसारखा बारीक होता. आत माणूस उतरायचा म्हणजे कॉस्टिक बंद आहे याची खात्री हवी. सकाळी मिस्त्री आला. स्क्रू ड्रायव्हर माझ्या पोटाला लावला, डोळे मिटले. मी आतून किंचाळत होतो हो! सूं, सूं, सूं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"चूप आहे," तो म्हणाला. "एकदम बंद. उतरू द्या."

ताईने कढईत वाकून पाहिलं. पाइपाच्या तोंडाखाली पत्र्यावर बोटभर रुंदीचा ओला ओघळ होता. पहिलवानाने शिडीवर पाय ठेवला होता. ती पुढे झाली आणि शिडीच्या तोंडाशी उभी राहिली.

"कुणी उतरायचं नाही. व्हॉल्व्ह पास होतोय."

सुपरवायझर हसला. "ताई, आज नको हं. बारा वर्षं तुमचा व्हॉल्व्ह पासच होतोय. कानसेनने ऐकलंय, झालं की."

"आज खरंच होतोय."

"म्हणजे आजवर खोटं होतं?"

तिचा चेहरा पांढरा पडला. चारपाच माणसं उभी होती, त्यांत मिस्त्रीही होता. ती हळू आवाजात, पण स्पष्ट म्हणाली, "हो, खोटं होतं. सगळं खोटं होतं. आज खरं आहे. एक बादली लावा पाइपाच्या तोंडाखाली आणि एक नंबरच्या कढईसाठी हाच पंप सुरू होईपर्यंत थांबा. बादली कोरडी राहिली तर मला घरी पाठवा."

दोरीने कोरडी बादली आत सोडली. थोडा वेळ नुसतेच थेंब पडत होते, टप, टप. सुपरवायझर घड्याळ बघायला लागला. मग एक नंबरसाठी पंप सुरू झाला, पाठीमागून दाब आला आणि मला काही आवरलं नाही. करंगळीएवढी धार सुटली. बादली भरली, वरून सांडली आणि तळाशी वाफ उठली. नेमकं तिथेच पहिलवानाला मान खाली घालून बसायचं होतं.

पहिलवान शिडीवरून मागे सरकला आणि मटकन खाली बसला. सगळ्यांच्या नजरा मिस्त्रीकडे वळल्या. तो स्क्रू ड्रायव्हरकडे बघत होता. मग त्याने तो खिशात घातला आणि जिना उतरून गेला. एकेका पायरीवर थांबत. ताई त्याच्यामागे दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच थांबली.

मला पाइपातून सोडवलं आणि त्या जागी भरीव पोलादी चकती आवळली. मग कढई साफ झाली. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने मिस्त्रीला काढलं नाही, खाली वर्कशॉपमध्ये बसवलं, व्हॉल्व्ह उघडून दुरुस्त करायच्या कामावर. तिथे कान लागत नाहीत, डोळे आणि बोटं लागतात. त्याला कानातलं मशीनही मिळालं. पण तो जिना काही तो पुन्हा चढला नाही, आणि ती खाली आली नाही. तीन महिने मी त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यात पडून होतो. तो इतर व्हॉल्व्ह उचलायचा, माझ्यावरून नजर फिरवायचा आणि पुढच्याला हात घालायचा.

शेवटी एका दुपारी त्याने मला उघडलं. खडा सापडला. गोळ्यावर नखाएवढा ओरखडा होता. खडा त्याने कागदात गुंडाळला आणि पहिलवानाच्या हाती वर ताईकडे पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती खाली आली. वर्कशॉपच्या दारात जरा घुटमळली, मग त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"हे काय पाठवलंत?"

"कारण," तो म्हणाला. "एवढासा होता. आणि मला ऐकू आला नाही."

"रागावलात माझ्यावर?"

"चारचौघांत उघडं पाडलंत मला, ऑपरेटरबाई."

"पहिलवानाला दोन पोरी आहेत, मिस्त्री."

"ठाऊक आहे. म्हणून तर धड रागावताही येत नाही."

ती हसली, आणि तोही जरासा हसला. माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतर ती अधूनमधून यायची. तक्रारवहीची गरजच उरली नाही.

मग माझ्या नव्या सीट आल्या. त्याने गोळा चकाकेपर्यंत घासला, सीट बसवल्या, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. आता तपासणी. मला टेबलावर उभं केलं, दांडा बंद. खालच्या तोंडाला हवेची नळी जोडली, वरच्या तोंडात पाणी भरलं. सीट चांगली असेल तर पाणी शांत राहतं, नसेल तर बुडबुडे येतात. एक मिनिटभर डोळ्याचं पातं न हलवता बघायचं असतं. हवेच्या कॉम्प्रेसरचा दणदणाट मशीनमधून त्याच्या कानात घुसायचा, म्हणून ते काढून त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं. टाकी भरल्यावर कॉम्प्रेसर आपोआप बंद झाला. मशीन मात्र खिशातच राहिलं.

तेवढ्यात ती आली. त्याने तिला पाहिलं, एक बोट वर केलं, म्हणजे एक मिनिट, मोजतोय. आणि माझ्या तोंडावर वाकला. त्याचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. भुवईत दोन पांढरे केस होते.

ती त्याच्या बाजूला उभी राहिली. डोळ्याला डोळा भिडत नसताना बोलणं तिला सोपं वाटलं असावं. रुमालाची टोकं पिळत ती म्हणाली, "मिस्त्री, मी या महिन्यात काम सोडतेय. गुडघ्यांना जिना झेपत नाही. धाकटी बोलावतेय, तिच्याकडेच राहा म्हणते." जरा थांबली. "पण मला नाही जायचं. एवढी वर्षं वर बोलावत राहिले, ते काय व्हॉल्व्हसाठी? उरलेले दिवस एका घरात काढावेत असं वाटतं मला. तुम्हाला वाटतं का तसं?"

माझ्या पोटातलं पाणी स्थिर होतं. मी जिवाच्या आकांताने सीटवर दाबून बसलो होतो. आता वाटतं, बसायला नको होतं. एक बुडबुडा सोडला असता तर त्याने मान वर केली असती.

मिनिट भरलं. मान न उचलता, समाधानाने, स्वतःशीच बोलावं तसा तो म्हणाला, "नाही. बिलकूल नाही."

तो गळतीबद्दल बोलत होता हो! माझ्याबद्दल! पण तिला कसं कळावं? ऐकू तर आता मशीनने येतं ना? तिने पिळलेला रुमाल कमरेला खोचला. मग "बरं" म्हणाली आणि निघून गेली. त्याने मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं. पाळीची वेळ झाली असेल, असं समजून त्याने हात पुसले.

ती पुन्हा खाली आली नाही. महिनाअखेरीला गेली. निरोपाला तो गेटवर उभा होता, हातात एक नवा थर्मास घेऊन. तिने तो घेतला, "सांभाळून राहा" म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडे न बघता रिक्षात बसली. हे मला पहिलवानाने सांगितलं. म्हणजे मला नाही, मिस्त्रीजवळ त्या दिवसाची आठवण काढली, दीड महिन्यानंतर, हातगाडीचं चाक दुरुस्त करून घ्यायला आला तेव्हा. मी टेबलावरच होतो. नवं पॅकिंग यायचं होतं म्हणून माझं काम अडलं होतं, ते तेव्हा नुकतंच पुरं होत आलं होतं.

पहिलवान बराच वेळ चुळबुळला. मग म्हणाला, "मिस्त्री, एक विचारू? राग नका मानू. ताईला नाही का म्हणालात?"

"कशाला नाही म्हणालो?"

"माझ्या बायकोजवळ रडली हो ती जायच्या आधी. तुमच्या टेबलापाशी येऊन सगळं बोलली म्हणे, एका घरात राहू म्हणाली. आणि तुम्ही बिलकूल नाही म्हणालात. वर बघितलंसुद्धा नाही."

मिस्त्रीच्या हातातला पाना तसाच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या उघड्या तोंडाकडे, जिथे त्या दिवशी पाणी भरलं होतं. मग त्याचा हात शर्टाच्या खिशावर गेला. खिसा रिकामा होता, मशीन कानात होतं. पण त्याला आठवलं, हे मला दिसलं. तो स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"मी बुडबुडे मोजत होतो रे," तो म्हणाला. "देवाशपथ, बुडबुडे मोजत होतो."

नंतर तो उठला. बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, नखं खरवडून. भर दुपारचे दोन वाजले होते, अर्धी पाळी बाकी होती. त्याने पहिलवानाला एकच विचारलं, "धाकटीचं गाव कुठलं?" आणि शर्टाची वरची गुंडी लावत बाहेर पडला. चालत नव्हता, जवळजवळ पळत होता. एवढ्या वर्षांत त्याला पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तो परत आला नाही. तीन आठवड्यांनी पोस्टाने दोन ओळींचा राजीनामा आला. मॅनेजरने तो वर्कशॉपमध्ये वाचून दाखवला आणि म्हणाला, "म्हातारपणी काय घाई झाली होती याला?" पहिलवान कोपऱ्यात उभा राहून जमिनीकडे बघत हसत होता. त्याला काही ठाऊक असेल तर त्याने माझ्यासमोर कधी सांगितलं नाही.

आणि माझं काय झालं? दुरुस्त झालेल्या व्हॉल्व्हच्या दांड्याला चिठ्ठी बांधतात. 'तपासला, ठीक', तारीख आणि सही. त्या दुपारी माझी चिठ्ठी बांधायची राहून गेली. नव्या फिटरने मला उचललं, चिठ्ठी शोधली, मान हलवली. विनाचिठ्ठीचा व्हॉल्व्ह कॉस्टिकच्या लाइनवर कोण लावणार? त्याचंही बरोबरच आहे. त्याने मला इथे आणून ठेवलं. चांगल्यांच्या रॅकवर नाही, भंगारातही नाही. दोन नंबरच्या कढईवर दुसरा कुणी बसला आहे. दुपारी पंप सुरू झाला की त्याची घरघर जमिनीतून इथवर येते, आणि माझ्या पोटातला गोळा आपसूक थरथरायला बघतो.

तुम्ही कधी या स्टोअरमध्ये आलात तर मला उचलून बघा. दांडा एकदा फिरवा, कुणी फिरवलंच नाही तर सीट चिकटून बसते. खाली हवा द्या, वर पाणी भरा, मिनिटभर थांबा. बुडबुडा दिसणार नाही. मग एक चिठ्ठी बांधा माझ्या दांड्याला, कुणाच्याही सहीची चालेल. मला पुन्हा पाइपात जायचंय. साध्या पाण्याच्या लाइनवर लावलंत तरी मी तक्रार करणार नाही.

आणि कुठे एखाद्या लहानशा घरात, जरा मोठ्याने बोलणारी ठेंगणी बाई आणि समोर बसून तिच्या ओठांकडे बघणारा उंच म्हातारा दिसला, तर थोडं थांबा. चहा देतील, घ्या. त्याला सांगा, चिठ्ठीचं मनावर घेऊ नकोस. त्या दुपारी तो क्षणभर थांबून चिठ्ठी बांधत बसला असता, तर मी त्याला कधीच माफ केलं नसतं.